पंचवटीच्या वैद्यबुवांचं निदान

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे आजच लावतोय, कारण डोकं अजून तापलेलं आहे.

सकाळी चांदवडचे एक तरुण मास्तर माझ्या दवाखान्यात आले. पुढच्या महिन्यात त्यांचं लग्न.

"डॉक्टरसाहेब, मी लग्न मोडतोय. पंचवटीच्या वैद्यबुवांनी लघवी पाहिली. म्हणाले, हस्तमैथुनामुळे वीर्य वाहून चाललंय, तू नवरा व्हायच्या लायकीचा राहिला नाहीस."

मी त्यांची लघवी काचेच्या नळीत घेतली. पांढरट, गढूळ होती. त्यात आम्लाचे चार थेंब टाकले आणि ती त्यांच्यासमोर नितळ झाली.

"मास्तर, हा साधा क्षार आहे. वीर्य असं विरघळत नाही. हस्तमैथुनाने कोणी नामर्दही होत नाही. खुशाल लग्न करा."

मास्तर ओंजळीत तोंड लपवून रडले. "चार वर्षं ही गढूळ लघवी पाहून मी स्वतःला सडका समजत होतो हो!"

हाच भामटा वैद्य गेल्या महिन्यात आपल्या वाचनालयात ब्रह्मचर्यावर बोलला. तुम्ही टाळ्या पिटल्यात, आणि मी भेकडासारखा गप्प बसलो. आता त्या टाळ्यावाल्यांपैकी एकाने तरी छातीवर हात ठेवून सांगावं की आपण हस्तमैथुन कधी केलंच नाही. आहे कोणी?