लॅबबाहेरच्या रिकाम्या बाटल्या

आमच्या नागपूरच्या कॉलेजात महिन्यातून एकदा रसायनांच्या रिकाम्या बाटल्या न्यायला एक भंगारवाला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक बाटली तो नाकापासून हातभर लांब धरायचा आणि तळव्याने वास हळूच आपल्याकडे वळवायचा. हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो, स्वतः करत नाही.

माझ्या दारावर 'हरित रसायनशास्त्र' अशी पाटी होती. सॉल्व्हंटचा, म्हणजे द्रावकाचा, थेंबही न वापरता, खलात नुसतं घोटून नवी संयुगं करायची, हे माझं संशोधन. त्यावर शाली मिळाल्या. घोटलेलं शुद्ध करायला मात्र नेलपॉलिशसारख्या वासाचं सॉल्व्हंट लिटरने लागायचं. ते मी पेपरात लिहीत नसे.

एकदा पोतं भरता भरता तो म्हणाला, "सर, तुम्ही तर बिना सॉल्व्हंटचं काम करता म्हणते सारे. मंग सगळ्यात जास्त बाटल्या तुमच्याच लॅबमधून काहून निघून राहिल्या?"

पुढच्या महिन्यात मी माझ्या बाटल्या शेजारच्या लॅबच्या दारात नेऊन ठेवल्या.

त्याने वास घेतला, एकेक उचलली आणि माझ्या दाराशी आणून मांडली. "शेजारच्या लॅबले असा नेलपॉलिशचा वास नसते, सर. चुकून तिकडे गेल्या असतीन," तो अदबीने म्हणाला.

"असतील," मी म्हणालो आणि पाटीखाली उभा राहून त्याचं पोतं धरलं.

पेपरात सॉल्व्हंट आजही शून्यच आहे.