बेंबीतला कापूस

एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना सगळे आक्काच म्हणतात. मूळची कन्नड बोलणारी बाई. डोकं दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगते, “बेंबी बघा, नोडोण, बघूया!” म्हाताऱ्या लाजतात, बाप्ये हसतात. मला तो निव्वळ पोरकटपणा वाटायचा.

माझा धाकटा भाऊ तिथल्याच गोळ्या खातो आणि वडगावात कापडाचा माग चालवतो. मध्यंतरी त्याची डोकेदुखी थांबेना, मग तो भलतंच बरळायला लागला. आई म्हणाली, “भायेरचं लागलंय.” मी त्याला उचलून आक्कापुढं नेलं. तिनं बेंबी बघायला सांगितलं, तर मान लाकडासारखी, हनुवटी छातीला टेकेना. आक्काचं हसू गेलं.

“मेंदूच्या पडद्याचा टीबी असंल. पाठीतलं पाणी तपासाय पायजे.”

“पाणी काढलं की माणूस लुळा पडतंय!” मागोमाग आलेली आई ओरडली.

आक्कानं वाद घातला नाही. घरी ज्याचं ताटसुद्धा वेगळं, त्याचं डोकं तिनं आपल्या पोटाशी धरलं आणि दुसऱ्या डॉक्टरांची सुई निघेपर्यंत सोडलं नाही. पाण्यात जंतू काही दिसला नाही.

“दिसला न्हाय म्हंजे न्हायच, असं न्हवं,” म्हणत आक्कानं त्याच दिवशी टीबीचं औषध सुरू केलं.

परवा आम्ही दोघं गोळ्या आणायला गेलो.

“बेंबी बघ रं!”

भावानं शर्ट वर केला, मान खाली घातली.

“आक्का, कापूस साचलाय. माग परत सुरू केलाय न्हवं!”