टेकोड्याचं मूळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — आईजवळ नाही, ज्यांच्यासोबत घोषणा देत वाढलो त्या मित्रांजवळही नाही.

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. अन्याय दिसला की लिहायचं, एवढंच शिकलो. नागझिऱ्याच्या कडेला आमचं गाव. तिथल्या सात्या आणि टेकोडे संपत चालले होते. संताप का येऊ नये? दोन्ही रानातल्या अळिंब्या, एकाच कुळातल्या, दोन्ही वाळवीच्या जिवावर जगणाऱ्या. सात्या इवल्याशा — वाळवीच आतला भुसा बाहेर आणून टाकते, त्यावर उगवतात, सांडलेल्या भातासारख्या. वेचल्या तरी वारूळ शाबूत. टेकोडा मोठा, आणि त्याचं लांब मूळ थेट वाळवीच्या घरात उतरलेलं. म्हणून तो मातीलगत हातानं मोडायचा. वारुळाला लोखंड लावायचं नाही, ही गावाची रीत. बाहेरचे व्यापारी लोखंडी सब्बल घेऊन येतात, मुळासकट उपटतात — मी जळजळीत लिहिलं. खरंच लिहिलं.

पण फोटो? सात्या आणि टेकोडा शेजारी शेजारी, मूळ टोकापर्यंत — वाचकाला फरक दिसायला नको?

शेजारच्या फुलवंताकाकीचं एक वारूळ होतं. सासूच्या काळापासून तिथले टेकोडे तीच काढायची. मी तिथं — सब्बल लावली. मूळ अखंड निघालं. मागोमाग वाळवीचं घरही, चुरा होऊन.

पुढच्या पावसाळ्यात तिथं काहीच उगवलं नाही. विकण्यासाठी तिनंच वारूळ खणलं म्हणत गावसभेत सगळे तिच्यावर तुटून पडले. माझं पत्रक हातात धरून एकजण म्हणाला, "काऊन वो फुलवंता, बाजार मोठा गोड लागून रायला का?" लोक हसले. ती माझ्याकडे वळली. "बाबू, तू तं लिवतस ना. सांग याइले, मी कधी लोखंड लावतो का?"

मी काय म्हणालो? "चौकशी व्हायला पाहिजे." — मी म्हणालो! टाळ्याही पडल्या.

तिला रानात अळिंब्या वेचायला बंदी झाली. अजून आहे. सात्यासुद्धा नाहीत, ज्यांना खोदावंच लागत नाही. पाऊस उघडला की बाकीच्या बाया टोपल्या घेऊन आमच्या दारावरून रानाकडे जातात. ती उलट्या दिशेनं, दुसऱ्याच्या बांधीत भाताच्या रोवणीला, मजुरीनं. मला बघून म्हणते, "नवीन काही लिवलास का, बाबू?"

'वारूळ कुणी फोडलं?' — पत्रकाचा मथळा होता. मोठ्या अक्षरात, मीच दिलेला.

मी फोडलं.