घाटंजीजवळच्या तांड्यात, एका गाण्याची परवानगी मागायला

शुक्रवारी संध्याकाळी संतोषचा फोन आला तेव्हा मी नववीच्या गणिताच्या वह्या तपासत बसले होते.

"ताई, ते गाणं तुम्ही किती लोकायले पाठवलं?"

"साडेचारशेच्या आसपास. का रे? फार आवडलंय सगळ्यांना."

तो म्हणाला, "त्यातला आवाज माह्या बहिणीचा हाय. तिले सांगितलंच नाही मी."

या ब्लॉगवर नवीन आलेल्यांसाठी थोडं सांगते. दिवसा मी नाशिकच्या एका शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात फारसं कुणी न ऐकलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत शोधत बसते. त्यातही मला संथ लयीचं आवडतं. ज्यावर नाचत नाहीत, नुसतं बसून राहतात, ते. दर पंधरा दिवसांनी त्यातले तीन तुकडे निवडून ईमेलनं वाचकांना पाठवते. संतोषचा तुकडा मला एका अनोळखी खात्यावर सापडला होता. तोवर तो अकरा जणांनी ऐकला होता. खाली मोटरीची घरघर, वर सावकाश पडणारा ठोका, आणि मध्येच दुरून आल्यासारखा एका मुलीचा आवाज. गाते आहे की रडते आहे ते कळत नाही. मी तो सलग सात वेळा ऐकला होता. संतोषला लिहिलं, त्यानं आनंदानं होकार दिला, मी पाठवून टाकला. आवाज कुणाचा, हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

"मी येते," मी म्हणाले. "आपण दोघं जाऊन तिला ऐकवू."

"तुम्ही कायले एवढ्या दूर येता?"

पण त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

शनिवार

यवतमाळला जायचं असेल तर नाशिक रोडहून धामणगावपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी हा मार्ग मला सोयीचा वाटला. पहाटे धामणगावला उतरले. थंडी चांगलीच होती. स्थानकाबाहेर तर्री-पोहे खाल्ले. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी, दुसऱ्यापासून मजा. तर्री वेगळी मागून घ्या, म्हणजे तिखट आपल्या हातात राहतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि रस्ता सव्वा तासाच्या आत यवतमाळला पोचवतो. नोव्हेंबर संपत आला होता. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, मध्ये तुरीच्या ओळी.

संतोषचं दुकान लोहाऱ्याला, एमआयडीसीच्या तोंडाशी आहे. तो जळालेल्या मोटरींची वायंडिंग, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून बांधायचं काम, करून देतो. वय बत्तीस, बारीक अंगकाठी, बोटांना वार्निशचा वास. गाणी तो फोनवरच बनवतो, दुकान बंद केल्यावर.

"चांगली बांधलेली मोटर गुणगुणते," तो म्हणाला, "बिघडलेली कण्हते. मले आधी हे दोन आवाज ऐकू यायले लागले. गाणं मंग झालं."

ती रेकॉर्डिंग बारा वर्षांपूर्वीची, बहिणीच्या लग्नातली होती. त्यांच्या बंजारा समाजात नवरी निघताना एकेका माणसाच्या गळ्यात पडून गात रडते. त्याला ढावलो म्हणतात. सुनीता वडिलांच्या गळ्यात पडली होती. संतोष शेजारी उभा होता, आणि रडू येऊ नये म्हणून त्यानं हातातल्या साध्या फोनचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं होतं.

"बापू तीन वर्षांपूर्वी गेले," तो म्हणाला. "मंग त्या जुन्या फोनातलं कार्ड सापडलं. ऐकलं. अन् मी त्याच्याखाली मोटर लावली."

रविवार

यवतमाळहून घाटंजीला एसटीनं तासभर. मध्ये सागाचं जंगल लागतं. खिडकीची जागा धरा. घाटंजीहून ऑटो करून सुनीताच्या तांड्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. वाटेत संतोष एकदाच बोलला, "ती माह्यावर कधी चिडली नाही, म्हणूनच भेव वाटते."

सुनीता दारातच उभी होती. भावाला पाहून तिचा चेहरा एवढा उजळला की आपण कशाला आलो आहोत ते मला क्षणभर आठवेना. दोघं आपसात गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, बोलायला लागले. तो तिला बाई म्हणतो. बाई म्हणजे बहीण. नवरा शेतावर होता. तिनं आम्हाला आधी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर कच्चं तेल घातलेली मिरचीची चटणी. "ताई, लाजू नका," म्हणत तिसरी भाकर ताटात पडली.

जेवण झाल्यावर संतोषनं तिला सगळं सांगितलं. एक शब्द न लपवता, मान खाली घालून.

"मले ऐकव," ती म्हणाली.

बाहेर शेजारणींची ये-जा होती, म्हणून ती आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली. ती खोली वेचलेल्या कापसानं जवळजवळ छतापर्यंत भरलेली होती. दाराजवळ बसण्यापुरती जागा. आत पाऊल टाकलं आणि बाहेरचा सगळा आवाज बंद झाला. आपला श्वाससुद्धा भिंतीवरून परत येत नव्हता. संगीतवाल्या मंडळींना सांगते, अशी शांतता मी कुठल्याही स्टुडिओत अनुभवलेली नाही.

मी माझे हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. सहा मिनिटांचा तुकडा आहे. सुरुवातीला ती हसली. मग तिचा हात शेजारच्या कापसात गेला आणि तिथंच राहिला. चौथ्या मिनिटाला आवाज येतो, हे मला पाठ होतं. तिनं डोळे मिटले नाहीत. ती संतोषकडे बघत राहिली आणि संतोष दाराकडे.

संपल्यावर ती म्हणाली, "केवढी लहान होती रे मी."

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"वाईट नाही केलं तू," ती भावाला म्हणाली. माझ्यासमोर म्हणून की काय, मराठीतच. "पण हे मी बापूच्या कानात म्हटलं होतं. माह्या बापूच्या. हे सगळ्यायनं काहून ऐकावं?"

मला इथं गप्प राहता आलं असतं. पण खरं सांगते, तो तुकडा सोडवेना. मी म्हणाले, "सुनीताताई, तुमचं नाव कुठंच नाही त्यात. कुणाला कळणार नाही."

तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तेच तं. कोण रडून राह्यलं ते मालूम नाही, कोणासाठी ते मालूम नाही, अन् लोकं ऐकून राह्यले."

मी तिची माफी मागितली. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चहा मांडते."

तिथंच बसून मी सगळ्या वाचकांना पत्र लिहिलं: तो तुकडा घरच्या माणसांसाठीचा होता, मी न विचारता पाठवला, कृपया पुसून टाका. संतोषनं खात्यावरून तो काढला. मूळ रेकॉर्डिंग मात्र सुनीतानं स्वतःच्या फोनवर घेतली. मोटरीशिवायची, फक्त बापूंची आणि तिची. "यात बापू खोकलते," ती भावाला म्हणाली. "तू ते काहून कापलं होतं?"

आणि मग पहिल्यांदा दोघं रडले. मी चहाचा कप घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

सोमवार

शाळेत रजा टाकली होती. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून लोहाऱ्याला गेले. संतोषनं आवाज काढून उरलेला तुकडा मला ऐकवला. ठोका होता, घरघर होती. पण गाणं उरलं नव्हतं, आणि दोघांनाही ते कळलं.

"आता ही नुसती मोटर राह्यली," तो म्हणाला आणि त्यानं तोही पुसला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा साडेचारशे माणसांनी त्याचं काहीतरी ऐकलं होतं. मी म्हटलं, दुसरं कर. तो म्हणाला, "करीन. विचारून करीन." आणि एका पंपाचं झाकण खोलायला बसला.

नाशिक

घरी आल्यावर मी स्वतःकडची प्रतही पुसली. पुसण्याआधी एकदा ऐकायचा मोह झाला, ऐकलं नाही. वाचकांपैकी दोनशेहून अधिक जणांनी पुसल्याचं कळवलं. एकानं भांडण केलं, की एकदा बाहेर पडलेलं संगीत सगळ्यांचं असतं. मीही इतकी वर्षं तसंच म्हणत आले आहे. त्याला काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.

हे सगळं ब्लॉगवर लिहू का, असं सुनीताला फोनवर विचारलं. "लिहा, पण नावं बदला," ती म्हणाली. बदलली आहेत. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "ताई, तुम्ही लोकायले पाठवता ती बाकीची गाणी कशी असतात?"

तेव्हापासून ईमेलच्या आधी तीनही तुकडे तिला जातात. दुपारी कापूस वेचताना ती ऐकते आणि संध्याकाळी आवाजी निरोप पाठवते. एकाबद्दल म्हणाली, "यानं झोप येते, हे सासूले ऐकवते." एकाबद्दल, "याच्यात कोणी चालून राह्यलं, पण घरी पोचत नाही." माझ्या चार परिच्छेदांपेक्षा ते वाक्य बरं होतं, ईमेलमध्ये तेच टाकलं, अर्थात तिला विचारून.

कालचा तुकडा नऊ मिनिटांचा होता. त्यावर निरोप आला: "चांगलं हाय ताई. पण आता गाणं जरा मोठ्या आवाजाचं पाठवत जा. शेजारची कमलाबाई बी ऐकते, इयरफोनचं एक बटण तिच्या कानात, एक माह्या. तिले कमी ऐकू येते."