यमाईच्या देवळामागे

"वहिनी, काल खेळलीस तस्संच आज खेळ. एक पाऊलसुद्धा वेगळं टाकू नकोस."

हा आवाज हेमांगीचा, मालनच्या नणंदेचा. ती गेली तेव्हा उन्हाळा होता. आता पावसाळाही सरला. तरी दुपारी जरा पाठ टेकली की हा आवाज अजून कानाशी येतो, अगदी शेजारी बसून सांगावं तसा.

मालन देवघरासमोर चटईवर आडवी झाली आहे. आज सोमवार, तिचं मौन. सकाळी उठल्यापासून सांजवात लागेपर्यंत बोलायचं नाही. लिहायचंही नाही, कारण तिच्या लेखी लिहिणं हेही बोलणंच. पूजा, पोथी, स्वयंपाक सगळं उरकलं आहे आणि पोटात उपास आहे. हेमांगीच्या दुखण्यातली जागरणं, नंतरची पाहुण्यांची वर्दळ, मग एकाएकी रिकामं झालेलं घर. हा शीण झोपेने जात नाही, हाडांत बिऱ्हाड करून राहतो.

उशाशी हेमांगीचा लॅपटॉप उघडा आहे. पडद्यावर चिमणी नावाची चित्रातली मुलगी खांद्यावर कावड घेऊन नदीकाठी उभी आहे. मालनने आज तिला अजून चालवलेलं नाही. चालवून आता करायचं काय?

काल मुजावर मॅडमचा फोन आला होता. त्या पॉलिटेक्निकमध्ये हेमांगीच्या विद्यार्थिनी. आता मिरजेपासून एसटीने तासाभरावरच्या एका शाळेत शिकवतात. शाळेला कुठल्याशा कचेरीने टाकलेले जुने संगणक मिळाले. विंडोज त्यांना झेपेना, म्हणून हेमांगीने त्यांवर लिनक्स ही हलकी प्रणाली घातली आणि तिथल्या मुलांना शब्द देऊन आली, की 'कावड' हा खेळ तुम्हाला यावर खेळायला मिळेल. खेळ जुना, विंडोजसाठीच बांधलेला. ज्याने तो केला त्याने मोठ्या मनाने त्याचा आतला सगळा प्रोग्राम तिच्या हवाली केला आणि हेमांगीने तो लिनक्सवर आणायला घेतला. घरी तो एकदाही बंद पडला नाही. शाळेत मात्र कधी नीट चाले, कधी मध्येच बंद पडे. मुलं म्हणत, "आम्ही काय केलं नाही, बाई."

"ताईंनी केलं तेवढं खूप केलं, वहिनी," मॅडम म्हणाल्या. "संगणकच दमलेत बिचारे. उद्या शाळा सुटली की भंगारवाला गाडी घेऊन येणार आहे."

मालन नुसतं "बरं" म्हणाली. हुज्जत घालणं तिच्या स्वभावातच नाही. पण हेमांगीचा बारीक झालेला हात हातात धरून तीच म्हणाली होती, खेळ मुलांपर्यंत पोचेल. तो पोचेपर्यंत मी रोज खेळेन, हा माझा नेम.

समईची ज्योत लांब होते. मालनचा डोळा लागतो, लागत नाही.

चटई गार लागते. खाली फरशी नाही, दगडी पायरी आहे. शेजारी हेमांगी शेंगदाणे सोलत बसली आहे. तिला केस आहेत, पूर्वीसारखे दाट.

"दमलीस?" हेमांगी विचारते.

मालन मान हलवते आणि ओठांवर बोट ठेवते.

"अगं बोल की. स्वप्नातलं मौन धरत नाहीत."

"असं कुठल्या पोथीत आहे?" मालन बोलून जाते आणि जीभ चावते.

"मोडलं!" हेमांगी टाळी वाजवते. "आता बोल पोटभर."

"तू घरी का येत नाहीस, हेमा?"

"मी घरातच आहे. तूच बाहेर येऊन बसलीस."

खरंच की. त्या दोघी पॉलिटेक्निकच्या संगणकांच्या खोलीत बसल्या आहेत. पण वास दवाखान्याचा आहे. सलाइनच्या दांडीला कीबोर्ड लटकला आहे आणि आया बाकांखालून ओलं फडकं फिरवते आहे. पाय वर घ्या, म्हणते. दोघी पाय वर घेतात.

"मुजावर म्हणतात, संगणकच दमलेत," मालन सांगते.

"दमलीयस तू. संगणक कशाला दमतात?" हेमांगी टरफलं ओच्यात गोळा करते. "खेळ विंडोजवरून लिनक्सवर न्यायचा म्हणजे बिऱ्हाड हलवण्यासारखं, वहिनी. कपाट तेच, दाराची मापं वेगळी. कुठंतरी कोपरा अडतो. तो कुठं अडलाय तेच मला सापडलं नाही. तुझ्या हातून तर कधी अडलाच नाही."

"तू सांगितलंस तसंच खेळले मी. रोज."

"म्हणून तर खेळ तपासायला तुला धरलं! पॉलिटेक्निकची माझी पोरं रोज नवा खेळ करायची, मग बिघडलं कशानं ते कळायचंच नाही. तुझं तसं नाही. दादा म्हणतो ना, हिला ठरवून चुकायला सांगितलं तरी जमायचं नाही."

मालनला हसू येतं, पण पुरतं नाही. खांदा दुखतो आहे. वळून बघते तर खांद्यावर कावड आहे आणि दोन्ही घागरी काठोकाठ भरलेल्या आहेत. दवाखान्याचा जिना संपत नाही. वर वर जाता जाता त्याच्या पायऱ्या दगडाच्या होतात. दोन्ही अंगांना एकसारखी झुडपं, एक झाकावं नि दुसरं काढावं अशी. एक पोपट उडत जातो. तोच पोपट पुन्हा उडत जातो. वर यमाईचं देऊळ दिसतं, चपट्या भगव्या रंगाचं, मालन खेळात रोज बघते तेच.

"पाणी कुठं घालायचं?" हेमांगी विचारते. जणू तिला ठाऊकच नाही.

"मागच्या झाडांना. ये."

मालन दारासमोर वाकून नमस्कार करते आणि डावीकडे वळून चालू लागते. चार पावलं गेल्यावर लक्षात येतं की सोबतीला कुणी नाही. हेमांगी शेंगदाणे खात उजवीकडे निघाली आहे.

"हेमा! तिकडून नाही!"

"का? झाडं इकडून जवळ आहेत."

"अगं, देवीला उलटी प्रदक्षिणा घालतात का कुणी? देऊळ उजव्या हाताला असायला हवं. एवढी शिकलीस आणि..."

हेमांगी जागच्या जागी थांबते. शेंगदाणा तोंडापाशी तसाच राहतो.

"वहिनी, तू रोज तिकडूनच जातेस?"

"मग आणखी कुठून जाणार?"

"खेळात?"

"खेळात झाली तरी देवीच ना ती."

हेमांगी मटकन पायरीवर बसते आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते. पोपट हवेतच थबकतो.

"मी तिकडं संगणक उघडून उघडून त्यांची आतडी बाहेर काढतेय," ती कशीबशी म्हणते, "आणि ही इकडं देवीला प्रदक्षिणा घालतेय!"

"रागावलीस माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला? वेगळं पाऊल टाकू नको, हे माझंच फर्मान."

"आणि मुलं?"

"मुलं कशाला फेरा घेतील? ज्याला जी वाट सापडेल ती. कुणी इकडून, कुणी तिकडून." आता तिचा चेहरा शेवटच्या महिन्यातल्यासारखा दिसतो, पातळ. "मी त्यांना शब्द दिला होता, वहिनी. तुझ्या जिवावर."

ती उठते, मालनच्या कपाळावरचं कुंकू बोटावर घेते आणि देवळाच्या उजव्या खांबावर टेकवते. "खूण करून ठेवते. उठलीस की विसरशील."

"तू जाऊ नकोस तिकडून," मालन म्हणते. "हेमा, ऐक. नको जाऊस."

पण हेमांगी कावड आपल्या खांद्यावर घेते. मालनचा खांदा एकदम हलका होतो. हेमांगी उजव्या भिंतीकडेने जाते, कोपऱ्यावर वळते, देवळामागे शिरते. आणि नाहीशी होते.

मालन धावते. देवळामागे झाडं नाहीत, भिंत नाही, आभाळ नाही. नुसतं कोरं आहे. त्याच्या काठावर कावड पडली आहे.

"इथंच अडलंय," त्या कोऱ्यातून आवाज येतो. "वहिनी, आज वेगळं खेळ."

मालन डोळे उघडते. समई स्थिर तेवते आहे. ओसरीवरून नवऱ्याच्या, विश्वासरावांच्या, वर्तमानपत्राचा आवाज येतो. ती कपाळाला हात लावते. कुंकू अर्धं पुसलेलं आहे. उशाशी लॅपटॉप तसाच आहे. त्याच्या उजव्या बाणाच्या बटणावर कुंकवाचा एक ठिपका आहे. ताजा, नीट बोटाने टेकवल्यासारखा. मालन आपली बोटं उलटसुलट करून पाहते. स्वच्छ आहेत.

ती चिमणीला नदीवरून वर आणते. देवळाच्या दारापाशी उभी करते. आजवर तिचं बोट इथून कायम डाव्या बाणावर गेलं आहे. आत्ताही जाऊ पाहतं. आई, लेकरांसाठी, असं मनात म्हणून ती ठिपक्याच्या कडेला हलकेच बोट टेकवते.

चिमणी उजवीकडून निघते, कोपऱ्यावर वळते, देवळामागे शिरते. पडदा काळा. खेळ बंद.

मालन पुन्हा पहिल्यापासून खेळते. डावीकडून चिमणी झाडांपर्यंत नीट पोचते. उजवीकडून पुन्हा बंद. म्हणजे शाळेचे संगणक दमलेले नाहीत. अडलंय ते इथंच, देवळामागे, आणि एकदा जागा कळली की मुजावर मॅडम दुरुस्त करतील. हेमांगीने शिकवलंय त्यांना. शाळा सुटायच्या आत पोचून त्यांच्यासमोर नुसतं खेळून दाखवलं की झालं.

कुंकू पुसू नये म्हणून मधे मऊ फडकं घालून ती लॅपटॉप मिटते, पिशवीत ठेवते आणि लुगडं सारखं करून ओसरीवर येते.

"आत्ता कुठं निघालीस उन्हाची?" विश्वासराव चष्म्यावरून बघतात. "देवळात?"

ती मान हलवते. नाही.

"मग? ही पिशवी हेमाची ना? मुजावर बाईंकडं?"

हो.

"अगं, मग लिहून दे काय ते, मी फोन लावतो."

ती पुन्हा मान हलवते.

"सोमवारी तुझ्याशी भांडायचीही सोय नाही," ते पुटपुटतात. मग पिशवीवर दाबून धरलेला तिचा तळवा त्यांना दिसतो आणि त्यांचा आवाज खाली येतो. "हेमाचं काही सापडलं का?"

मालनचे डोळे भरून येतात. विश्वासराव उठतात, आतून पाण्याची बाटली आणि दोन केळी आणून पिशवीच्या कडेला खोचतात.

"उपाशी आहेस. एसटीत खा."

रस्ता तापलेला आहे आणि पाय जड आहेत. स्टँडच्या वाटेवर ग्रामदेवीचं देऊळ लागतं. आजवर त्याला फेरी घातल्याशिवाय मालन कधी पुढे गेलेली नाही. आज ती बाहेरूनच हात जोडते, पिशवी छातीशी घट्ट धरते आणि जवळच्या वाटेने स्टँडकडे चालू लागते.