बाईंचं शेवटचं वांगं

नकला मी शाळेपासून करतो. मुरबाडच्या शाळेत मी हेडमास्तरांचा खोकला काढला की अख्खा वर्ग उभा राहायचा. डोंबिवलीत राहायला आलो आणि वरच्या मजल्यावरच्या बाई सापडल्या. नाकातून बोलायच्या, एकदम पुणेरी, प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं. मला लॉटरीच लागली.

बाईंनी जन्मभर वनस्पतींच्या जनुकांवर काम केलेलं. त्यांच्या कॉलेजात त्या विषयाला पहिली मुलगी त्याच. ज्या बिल्डिंगमध्ये बसून त्या वांग्याची गुणसूत्रं बघायच्या, तिथे बायकांना बाथरूमच नव्हतं. "मी दिवसभर पाणी पीत नसे रे," त्या सांगायच्या, "झाडांना मात्र न चुकता घालत असे." रिटायर झाल्या तरी गच्चीवर काम चालूच. रानवांगं आणि घरचं वांगं यांचा संकर करायचा, म्हणजे अळी न लागणारं वांगं मिळेल. पण रानाचं रक्त आलं की पराग फोल निघतो. आपोआप फळ धरत नाही, हाताने लावावं लागतं. एवढ्या वर्षांच्या निवडीतून चांगली म्हणावी अशी थोडीच झाडं त्यांच्या हाती लागलेली.

गणपतीत मी त्यांचीच नक्कल केली. संध्याकाळी चिमट्याने कळी उघडायची, पिवळे परागकोष काढायचे, कळीला बटरपेपरची टोपी घालायची. सकाळी साध्या वांग्याचा पराग आणून लावायचा. "नवरदेव यायच्या आधी घरातले पुरुष बाहेर काढावेत," हा माझा डायलॉग. सोसायटी लोळत होती. बाई पहिल्या रांगेत ताठ बसलेल्या. नंतर मला म्हणाल्या, "माकडा, चिमटा कडेने घालतात. मधोमध घातलास तर स्त्रीकेसर मोडेल. पुढच्या वर्षी नीट कर." आणि पुढच्या वर्षी त्यांनीच गच्चीवर रिहर्सल घेतली, खऱ्या फुलांवर.

मग बाई गेल्या. मागे राहिली त्यांची धाकटी बहीण, तिला अख्खी सोसायटी मावशी म्हणते. तिला फार अंधुक दिसतं.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारून डबे जातात. आईचा नंबर आला तेव्हा तिने प्रेमाने गच्चीवरची कोवळी वांगी तोडली. बाईंच्या हातची आहेत, बहिणीच्या पोटात जाऊदेत म्हणून. भरली वांगी केली. आम्हीही मावशीसोबतच जेवायला बसलो. वांगी जराशी कडसर होती.

मावशी चावता चावता थांबली. "कुठली गं ही?"

"गच्चीवरची. तुमच्या अक्कांचीच."

मावशीने घास गिळला. "ती बियाण्याची होती," ती म्हणाली. "पिकून पिवळी व्हायला हवी होती."

आई रडायला लागली, तर मावशीनेच तिची पाठ थोपटली. "चव चांगली होती गं. अक्काने कधी खाऊन बघितलं नाही."

तोवर पाण्यावाचून बाकीच्या कुंड्या वाळलेल्या. एकच झाड जिवंत, तेही खालून पिवळं पडत चाललेलं. त्याला दोन कळ्या. बाईंच्या कामातलं तेवढंच उरलेलं.

संध्याकाळी मी मावशीला धरून गच्चीवर नेलं. चिमटा हातात घेतला. तो मधोमध गेला आणि पहिली कळी तुटून खाली पडली. मी काहीतरी जोक मारला. मावशी हसली नाही.

"तिच्या आवाजात कर," ती म्हणाली. "तसंच येतं ना तुला?"

मी बाईंचा आवाज लावला. "घाई नको. फूल कुठे पळून जात नाही. कडेने." आणि चिमटा बरोबर कडेने गेला. परागकोष एकेक करून निघाले. टोपी चढवली. नक्कल संपली होती, पण तोंड थांबेना. "आता एकटं सोड त्याला. बघत बसलं की फळ लाजतं."

मावशीने मान वळवली. "हे तुला तिने सांगितलं?"

"नाही."

"आमची आई म्हणायची. अक्काला असल्या गोष्टींची चीड होती. मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही."

मलाही ते कुठून आलं माहीत नाही. सकाळी सोसायटीच्या बागेतल्या साध्या वांग्याचा पराग आणून लावला.

फळ धरलं. तेव्हापासून मी स्टेजवर बाईंची नक्कल करत नाही. पण ठाण्यात वागळे इस्टेटच्या कॉल सेंटरला माझं काम फोनवर बोलायचं. कस्टमर चिडून ओरडायला लागला की माझ्या हेडफोनमध्ये कुणीतरी नाकातून म्हणतं, घाई नको. आणि समोरचा गप्प होतो.

वांगं पिवळं झालं तोवर झाड पूर्ण वाळलेलं. मावशीच्या स्वयंपाकघरात ते चिरलं, बी पाण्याच्या वाडग्यात टाकलं. भरलेलं बी बुडतं, फोल तरंगतं. मावशी माझ्या खांद्याला धरून उभी.

"तरंगतंय की बुडतंय?"

बरंचसं तरंगत होतं. मग एक खाली गेलं, त्याच्यामागे आणखी काही. मी वाडग्यावर वाकून मोजायला लागलो.

"बुडलं गं," बाई म्हणाल्या.

मावशीने माझा खांदा सोडला नाही. तोंड माझंच हललं असणार. घरात आम्ही दोघंच होतो.