माळावरची संक्रांत आणि प्लेगची सुई

लढाईच्या दिवसांत एका हिवाळ्यात आमच्या कुंडलच्या बाजूला उंदीर पडायला लागले. उंदीर पडले की मागोमाग प्लेग, हे शेंबडं पोरही सांगायचं. घरांना कुलपं लावून सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं. माझं लग्न नुकतंच झालेलं. नवरा पलटणीबरोबर लढाईवर, आणि झोपडीत आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. तरुणपणीच विधवा झालेल्या, जिभेच्या तिखट, पण मला कधी उपाशी झोपू दिलं नाही. मला आई नव्हती, त्याच माझी आई. त्यांना काही झालं तर मी काय करू, हाच मला घोर.

तेवढ्यात मिशनचं एक जोडपं प्लेगची सुई टोचायला आलं. अमेरिकेतली माणसं. तिकडं साहेबाची शेती, मडम दवाखान्यात नर्स. पोरं मार्गाला लागल्यावर दोघांनी आपल्या चर्चला सांगितलं म्हणे, आम्हाला लांब कुठंतरी सेवेला पाठवा, पगार नको. आणि येऊन पडली आमच्या माळावर! मडम सुई टोचायची. साहेब स्टोव्हवर सुया उकळायचा आणि तिची पेटी उचलायचा. "बायकूच्या हाताखाली राबतोय गं!" म्हणत बायका हसून लोटपोट व्हायच्या. मला मात्र तो साहेब लय आवडला. आता सांगायला कसली लाज!

पाटलांनी टोचून घेतलं तसे बाकीच्या गड्यांनीही दंड पुढं केले. बायका मात्र मडम दिसली की माळाखालच्या उसात पळायच्या. मडमेची मराठी पंतोजींकडून शिकलेली. "भगिनींनो, कृपया दंड दाखवावा," असं ती उसाकडं बघून हात जोडून म्हणायची. आतून नुसतं खुसूखुसू हसू यायचं. मी आत्याबाईंना रोज विनवायचे, "आवं, तुमी तरी टोचून घ्या." त्या म्हणायच्या, "माझी लाकडं मसणात गेल्यात. तुझं तू बघ."

संक्रांत तोंडावर आली आणि मला युक्ती सुचली. हळदीकुंकवाचं बोलावणं कुठली सवाष्ण मोडेल? मी मडमेला म्हटलं, "मडम, हळदीकुंकू तुमीच करा. तिळगूळ द्या, आन् वाण म्हणून सुई टोचा!" मडम गडबडली. चर्चच्या बाईनं कुंकू लावावं का, यावर नवराबायकोची बरीच खलबतं झाली. शेवटी साहेब हसला आणि माझ्याकडून खराटा मागून घेऊन आपल्या तंबूपुढं हळदीकुंकवाची जागा झाडायलाच लागला.

त्या दुपारी झाडून साऱ्या सवाष्णी नटूनथटून आल्या. मडम कुंकू लावायची, तिळगूळ द्यायची आणि लगेच दंडात सुई. "आई गं! मेलीनं लय खोल घातली!" म्हणत बायका एकमेकींना ढकलत होत्या. मी नाचायचीच काय ती बाकी होते. आपल्या सासूबाईही हे बघून धीर धरतील असं मला वाटत होतं. आनंदाच्या भरात रीतभात विसरून त्यांना बोलवायला धावत गेले, तर म्हणाल्या, "सवाष्णींच्या कार्यात मी पाय ठेवू व्हय? खुळी का काय तू!" आणि मिशनची माणसं सकाळी निघणार होती.

मी रडत मडमेला सारं सांगितलं. विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, हे तिला कळेचना. "त्यांचे पती वारले, म्हणून त्यांना प्लेग होणार नाही काय?" तिनं विचारलं. मडम तबक घेऊन उठली आणि थेट आमच्या झोपडीकडं निघाली. मागं पेटी घेऊन साहेब.

आत्याबाई शेजारणींची तान्ही पोरं घेऊन बसल्या होत्या. मडम त्यांच्यापुढं खाली बसली आणि मी 'अगं बाई' म्हणेपर्यंत तिचं कुंकवाचं बोट त्यांच्या कपाळाकडं गेलं. आत्याबाईंनी तो हात वरच्या वर धरला. आता या मडमेला हाकलून काढणार!

पण त्यांनी हात सोडला नाही. धरूनच राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ह्ये ऱ्हाऊ दे बाई. पर इतक्या वर्सात मला कुणी कशाला बोलवाय आलं न्हवतं. तू आलीस." त्यांनी पदर सारला. "टोच. ल्योक लढाईवरनं यील, तवा त्याला आय दिसाय पायजे."

लेकाचं नाव काढून त्या माझ्यापुढं कधी हळव्या झाल्या नव्हत्या. मी हमसाहमशी रडले. साहेबानंही तोंड फिरवलं.

सकाळी मिशनची बैलगाडी पुढच्या वाडीला निघाली, तर सुजलेला दंड धरून आत्याबाई आधीच गाडीत बसलेल्या. मी म्हटलं, "आवं, तुमी कुठं?"

"तितंबी माझ्यासारख्या बायका असतील की. त्यास्नी बोलवाय कोण जाणार? ही मडम? हिची भाषा कुणाला कळतीया!"